आळस आईच्या पोटातला?

घोटी म्हणजे कळसूबाईला निघालेल्या ऑफिसकरांचा हक्काचा चहाचा स्टॉप. पुढे बारी गावातून चढायला लागलं की आमच्या ग्रुपचा डायलॉग ठरलेला, 'आळशी झालोय यार!'

पण दोस्तहो, सगळं खापर ऑफिसच्या खुर्चीवर फोडू नका. थोडा हिशेब जन्माआधीचाही असतो. २००९ मध्ये नॉर्डिक देशांतल्या १३ अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. जन्मतः वजन फार कमी किंवा फार जास्त असलेल्यांमध्ये मोठेपणी फावल्या वेळात व्यायाम करणारे कमी निघाले. अर्थात हा नुसता कल, ललाटलेख नव्हे. स्नायू कोणत्याही वयात कमावता येतात, तेव्हा सुट्टी नाही!

आता आपल्याकडे बघा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं बारीक खरी, पण कमी पडतात ते स्नायू. चरबी मात्र टिकून असते. शेतात, घरात जास्त राबणाऱ्या आयांची बाळं आणखी लहान होती.

म्हणून पावसाळ्यात घोटीजवळच्या खाचरांत आवणीला वाकलेल्या बायका दिसल्या की मला वाटतं, यातल्या एखाद्या पोटुशीला पोटभर जेवण आणि दुपारची विश्रांती मिळतेय ना? तिच्या बाळाचा फिटनेस तिथेच ठरायला लागलाय.