मजकूर आपला, कुलूप दुसऱ्याचे

निकाहची पत्रिका असो की मोर्चाचे पत्रक, मराठी आणि उर्दू एकाच कागदावर छापायचे म्हटले की आपल्यापैकी अनेक जण अजून क्रॅक केलेले इनपेज शोधतात. मला हे खटकते. चोरीचा प्रश्न आहेच, पण मोठा तोटा मजकुराचा आहे. जुन्या इनपेजमधला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. तो शोधून सापडत नाही, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तसाच उघडत नाही. स्वतःचे लिखाण वाचायला दुसऱ्याची परवानगी लागावी, हे कसले?

२०१० साली सुरू झालेले लिबरऑफिस मोफत आहे. त्यात डावीकडून चालणारी देवनागरी आणि उजवीकडून चालणारी उर्दू एकाच फाइलमध्ये बसते. नोटो नस्तालिक उर्दू हा फॉन्टही फुकट मिळतो. पोस्टरसाठी इंकस्केप, फोटोसाठी गिंप. फोटोशॉपची सवय असलेल्याला गिंप सुरुवातीला जड जाते, हे खरे. (प्रेसवाला कोरलचीच फाइल मागेल, त्याला पीडीएफ द्या.)

जुन्या फाइली मात्र कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणल्यावर कुणीतरी उर्दू जाणणाऱ्याने ओळ न् ओळ तपासावी लागेल. मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या एखाद्या संगणकापासून या सुट्टीत सुरुवात करता येईल.