करपलेलं दूध आणि सुरंगी

आत्यानं पहिल्यांदा दूध करपवलं तेव्हा आम्ही हसलो होतो. पुण्यातल्या डहाणूकर कॉलनीतलं ते एवढंसं घर धुरानं भरलेलं आणि ही बाई गॅसपासून चार हातांवर निवांत पेपर वाचत बसलेली. नावं विसरायला लागली ती त्यानंतर वर्षभरानं. अल्झायमर्समध्ये नाक पुष्कळदा स्मरणाच्या आधी दगा देतं, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला ते काळं पातेलं आठवलं.

वासाचा निरोप मेंदूत फार हिंडत नाही. भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशी त्याची थेट सोयरीक. आणि हा आजार सुरुवातीला हात घालतो तो नेमका तिथेच. सुगंधोपचाराची पंचाईत ही, की ज्या दारातून आठवणीपर्यंत जायचं त्याचीच कडी गंजलेली.

तरी कर्वे रोडवरून मी लॅव्हेंडरचं तेल आणि डिफ्यूझर आणलाच. आत्यानं दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अगं, फरशी किती वेळा पुसतेस?" तिचं काय चुकलं? लॅव्हेंडर तिला आयुष्यात भेटलं ते फिनेलच्या बाटलीतच. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 सालच्या आढाव्यात अशा तेलांचे 13 अभ्यास, 708 रुग्ण तपासले होते. ठाम फायदा दिसला नाही. आपण तेल कुठलं ते विचारतो, माणूस कुठला ते विचारत नाही, असं आपलं मला वाटतं.

आत्या वेंगुर्ल्याकडची. मार्चमध्ये तिथल्या एका भाचीनं रात्रीच्या गाडीनं सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, पाठवले. पोचेपर्यंत सुकले, पण सुरंगी सुकली तरी वास सोडत नाही. डबा उघडून तिच्या हातात दिला. बराच वेळ काही नाही. मग नाकाशी धरून, पन्नास वर्षं कोथरूडात न बोललेल्या मालवणीत म्हणाली, "खंय गावली गो?" मला तिच्या थोरल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली. त्या दुपारी ती पोटभर जेवली, एवढंच. संध्याकाळी पुन्हा दाराशी जाऊन "घरी सोडा" सुरू झालं.

तो डबा अजून कपाटात आहे. महिन्या-दोन महिन्यांनी काढते. तिला द्यायच्या आधी झाकण उघडून मीच एकदा हुंगून बघते. येतोय ना वास?