प्लास्टर निघालं, पण कामावर परत कोण घेणार?

हरसूल (ता. त्र्यंबकेश्वर) : भात झोडून झाला की हरसूल परिसरातली माणसं सातपूर, अंबडच्या कंपन्यांकडे आणि दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांकडे वळतात. कंपनीत लागलेली बरीच पोरं ठेकेदारामार्फत असतात. हात मशीनमध्ये सापडला किंवा येता-जाता मोटारसायकल घसरली, तर इलाजाची सोय कशीबशी होते. खरी अडचण बरं झाल्यावर सुरू होते. प्लास्टर काढून माणूस गेटवर जातो, तेव्हा त्याच्या जागी दुसरा लागलेला असतो.

याबाबत कायदा सगळ्यांना सारखा नाही. समजा, एकाच गावातले दोघे जण आहेत. एक एसटीचा चालक, दुसरा ठेकेदाराचा कामगार. दोघांचाही पाय कायमचा अधू झाला. चालकाला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 लागू होतं. सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर त्याला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकालाही हेच संरक्षण आहे. ठेकेदाराच्या कामगाराला ते नाही.

मग त्याच्या हातात काय? कामगार विमा, म्हणजे ईएसआय. दहा किंवा जास्त कामगार असलेली कंपनी आणि महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल तर हा विमा लागू होतो. कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. ठेकेदाराच्या माणसालाही हा हक्क आहे. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या 70 टक्के रक्कम मिळते. त्यासाठी आधी ठरावीक दिवस वर्गणी भरलेली लागते. कामावरच्या अपघातात मात्र ती अट नाही आणि बरं होईपर्यंत 90 टक्के मिळतात. टीबीसारख्या लांबलेल्या आजाराला जास्त मुदत आहे. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही यात बसतो, फक्त त्याचा कामाशी संबंध दाखवता आला पाहिजे.

म्हणजे घरी बसल्या काळाचे पैसे आहेत, पण परतीची वाट नाही. डॉक्टर फिटनेसचा दाखला देतात, त्यावर एकतर ‘फिट’ असतं नाहीतर ‘अनफिट’. महिनाभर जड उचलायचं नाही, उभं राहायचं काम नको, असं मधलं कोणी लिहीत नाही. कामगारही मागत नाही. मग सुपरवायझर म्हणतो, पूर्ण काम जमत असेल तर ये. पोटासाठी माणूस अर्धवट बऱ्या पायावर उभा राहतो आणि पुन्हा अंथरूण धरतो.

जर्मनीत एखादा कामगार वर्षात सहा आठवड्यांहून जास्त आजारी राहिला, तर तो परत कसा येईल याची बोलणी मालकाने सुरू करायची, असा नियम आहे. सुरुवातीला दिवसाला दोन-चार तास, मग हळूहळू पूर्ण पाळी, अशीही पद्धत तिथे आहे. यात कारखान्याचाही फायदा आहे. मशीन जाणणारा जुना हात राहतो, नवा माणूस शिकवायचा वेळ वाचतो.

मुंढेगावच्या (ता. इगतपुरी) कारखान्यात 1 जानेवारी 2023 ला आग लागली, तेव्हा जखमींचा आकडा गावोगाव पोचला. पण अशी बातमी आकड्यावरच थांबते. सहा महिन्यांनी जखमींपैकी कामावर कोण आहे, हे कोणी विचारत नाही.

नियम बदलेपर्यंत कामगाराचा आधार कागदच आहे. विमा क्रमांक घरच्यांनाही माहीत हवा. अपघाताची नोंद कंपनीच्या अपघात वहीत त्याच दिवशी व्हायला हवी. हाडवैद्याकडे गेलं तरी विमा दवाखान्याचा दाखला घेतलाच पाहिजे. नाहीतर ‘न सांगता गैरहजर’ असा शेरा बसतो. आणि बरं झाल्यावर डॉक्टरकडून कोणतं काम चालेल, कोणतं नाही, हे लिहून घेऊन हलक्या कामाचा अर्ज ठेकेदार आणि कंपनी दोघांना द्यावा, पोच घ्यावी. अर्ज दिला म्हणून काम मिळेलच असं नाही. पण नाशिकच्या कामगार कार्यालयात तक्रार करायची वेळ आली, तर तोंडी सांगण्यापेक्षा तो कागदच जास्त बोलतो.