स्त्रियांची सायकल-फेरी आणि तिची जाहिरात

गेल्या मार्च महिन्यात, जागतिक महिला दिनाच्या आठ-दहा दिवस आधी, आमच्या शाळेच्या सूचनाफलकावर एक हस्तपत्रक लागले. बेळगावातील एका उत्साही मंडळाने स्त्रियांसाठी सायकल-फेरी योजिली होती, आणि शाळेतील मोठ्या मुलींनी व त्यांच्या मातांनी तीत बहुसंख्येने भाग घ्यावा, अशी मंडळाची विनंती होती. हेतू स्तुत्य होता, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु ते हस्तपत्रक आम्ही दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा आमचे मन खट्टू झाले. कागद गुलाबी. वर एका कोपऱ्यात फुलपाखरू, दुसऱ्या कोपऱ्यात उंच टाचेचा जोडा. मध्यभागी नाकात नथ, डोळ्यांवर काळा चष्मा आणि अंगावर भरजरी शालू अशा थाटात सायकलीला टेकून उभी असलेली एक तरुणी. तिचा पाय पायट्यावर नव्हता. अंतर ५ किलोमीटर. बक्षिसे तीन : उत्कृष्ट वेशभूषा, उत्कृष्ट सजविलेली सायकल आणि उत्कृष्ट हास्य. प्रत्येकीस गुलाबी टी-शर्ट व एका ब्यूटी पार्लरची सवलतीची चिठ्ठी. एक दिवस स्वयंपाकघरास सुटी द्या, अशा अर्थाचे एक वाक्यही तळाशी छापलेले होते.

त्याच मंडळाने जानेवारीत पुरुषांची स्पर्धा घेतली होती. तिचे पत्रक आमच्या संग्रही आहे. त्यावर घाट चढणारा, घामाने निथळणारा स्वार आहे. अंतर ५० किलोमीटर आहे. मार्गाचा नकाशा, चढ-उतारांचा आलेख, वेळ मोजण्याची व्यवस्था आणि रोख पारितोषिके यांचा साद्यंत तपशील आहे. दोन्ही पत्रके शेजारी शेजारी मांडली, तर एकात तुम्ही किती वेगाने जाता असे विचारलेले दिसते, आणि दुसऱ्यात तुम्ही कशा दिसता, असे.

आमच्या या तक्रारीस एक उत्तर आहे व ते आम्ही प्रामाणिकपणे येथे नमूद करतो. फेरीच्या दिवशी आमच्या एका विद्यार्थिनीच्या मातोश्री बावीस वर्षांनंतर सायकलवर बसल्या. लग्नापूर्वी त्या रोज सायकलने कॉलेजात जात असत. पुढे संसारात सायकल सुटली ती सुटलीच. त्या आम्हांस म्हणाल्या, "सर, शर्यत असती तर मी आलेच नसते. घरच्यांनी हसून घेतलं असतं. नटून-थटून मिरवायचं आहे म्हटल्यावर कुणी अडवलं नाही." हे उत्तर खोटे नाही. सासरच्या उंबरठ्यावरून सायकल बाहेर काढण्यासाठी जर पैठणीचा परवाना लागत असेल, तर त्या पैठणीस आम्ही नावे ठेवणार नाही. शिवाय साडी सांभाळून, पदर खोचून, तिसऱ्या रेल्वे फाटकाजवळच्या गर्दीतून सायकल काढणे हे कोणाही पुरुष स्वारास न जमणारे कसब आहे. त्यास बक्षीस द्यायचेच असेल तर ते कसबाला द्यावे, काठपदराला नव्हे, एवढेच आमचे म्हणणे.

आता त्या गुलाबी रंगाचीच गोष्ट घ्या. सायकलच्या जगात हा रंग बायकी आहे असे कोणी इटलीत जाऊन म्हटले, तर लोक त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतील. तेथील 'जिरो दि'तालिया' ही प्रचंड शर्यत 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त' या क्रीडावृत्तपत्राने १९०९ साली सुरू केली. ते पत्र गुलाबी कागदावर छापले जाते. म्हणून १९३१ पासून शर्यतीत अग्रभागी असलेल्या पुरुषास गुलाबी जर्सी देण्याची प्रथा पडली. लेआर्को ग्वेर्रा या स्वाराने ती पहिल्यांदा अंगात घातली. तेव्हापासून कित्येक धट्टेकट्टे पुरुष त्या गुलाबी कापडासाठी आल्प्स पर्वताच्या चढणीवर जिवाचे रान करीत आले आहेत. रंगास लिंग नसते. ते त्यास जाहिरातदार चिकटवितो.

याच शर्यतीच्या इतिहासात एका स्त्रीची कथा आहे. ज्या १९२४ साली आमच्या गावी महात्माजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच वर्षीची ती गोष्ट. पैशांच्या वादावरून त्या वर्षी मोठमोठ्या संघांनी जिरोवर बहिष्कार घातला आणि नामांकित स्वार घरी बसले. चालकांस लोकांचे लक्ष वेधून घेणारे काहीतरी हवे होते. तेव्हा आल्फोन्सिना स्त्रादा या शेतमजुराच्या मुलीचा अर्ज स्वीकारला गेला. यादीत तिचे नाव 'आल्फोन्सिन' असे शेवटचे अक्षर गाळून छापण्यात आले, म्हणजे नाव बाईचे की बुवाचे, हे वाचणाऱ्यास कळू नये! शर्यत १२ टप्प्यांची आणि ३,६०० किलोमीटरांहून अधिक लांबीची. पेरुजाच्या टप्प्यावर वादळ-पावसात तिच्या सायकलचे हँडल मोडले. तिने केरसुणीचा दांडा तोडून तेथे बसविला व पुढे निघाली; मात्र ठरलेल्या मुदतीनंतर पोहोचली. नियमाप्रमाणे ती बाद झाली. परंतु एव्हाना रस्त्यारस्त्यांवर लोक तिला पाहण्यासाठी गर्दी करीत होते. तेव्हा निकालात तिची गणना न करता, पण पुढे जाण्याची मुभा देऊन, चालकांनी तिला शर्यतीत राहू दिले. निघाले होते ९० जण. अधिकृत निकालात शेवटी ३० नावे उरली. आणि त्या यादीबाहेरची आल्फोन्सिनाही मिलानला पोहोचली.

पुढच्या वर्षी मोठे स्वार परतले, आणि तिचा अर्ज नाकारण्यात आला.

वाचकहो, चालकांनी तिचा उपयोग जाहिरातीपुरता केला हे उघड आहे. परंतु एक भेद लक्षात घ्यावा. तिला मार्ग मात्र पूर्ण दिला. केरसुणी हाती येऊनही तिने तिचे हँडल केले, हे पाहण्याची संधी जगास त्या पूर्ण मार्गामुळेच मिळाली. तिला पाच किलोमीटर देऊन हास्याचे बक्षीस दिले असते, तर आज शंभर वर्षांनी आम्ही तिच्याविषयी काय लिहिले असते?

हास्याच्या बक्षिसावरून आठवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत स्त्रिया सायकलवर बसू लागल्या, तेव्हा काही डॉक्टरांनी 'सायकली चेहरा' नामक एक व्याधी शोधून काढली होती. तोल सांभाळण्याच्या ताणाने स्त्रीचा चेहरा कायमचा ओढलेला व विद्रूप होतो, असे ते गंभीरपणे लिहीत. तेव्हा चेहरा बिघडेल म्हणून सायकल चालवू नका असे सांगितले. आता सायकल चालवा, पण चेहरा बिघडू देऊ नका, असे सांगतात. प्रगती झाली खरी!

अंतराविषयीही असेच. १९६७ साली यॉर्कशायरमध्ये बारा तासांची कसोटी होती. तीत बेरिल बर्टन या बाईने २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर, सायकल चालविली. पुरुषांचा विक्रम त्याच दिवशी माइक मॅक्‌नमारा याने मोडला होता. पण बाईंनी त्यालाही मागे टाकले, आणि त्याच्याजवळून जाताना आपल्याजवळची एक गोळी त्याला खायला दिली. तो विक्रम गाठण्यास पुरुषांना दोन वर्षे लागली. असे असूनही ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून पुरुषांच्या सायकल-शर्यती होत असताना स्त्रियांना पहिली शर्यत मिळाली ती १९८४ साली. त्याच वर्षी फ्रान्समधील स्त्रियांची 'टूर' अमेरिकेच्या मारियान मार्टिनने जिंकली. तिला सुमारे १,००० डॉलर मिळाले आणि पुरुष विजेत्यास सुमारे १ लाख. ती स्पर्धा पुढे बंद पडली. २०२२ मध्ये आठ टप्प्यांची नवी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा विजेतीस ५०,००० युरो होते. पुरुषास ५ लाख. आणि बक्षीस-समारंभात विजेत्या पुरुषाच्या दोन्ही बाजूंस दोन नटलेल्या तरुणी उभ्या करण्याची जुनी रीत 'टूर'ने सोडली ती २०२० साली. २०१५ मध्ये बेल्जममधील एका शर्यतीचे भित्तिपत्रक तर असे होते की, त्याचे वर्णन या पृष्ठांत करणे उचित नव्हे. आंतरराष्ट्रीय सायकल-संघाने आक्षेप घेतल्यावर ते मागे घेण्यात आले.

पण आम्ही उगाच युरोपात हिंडत आहो. आपल्याच देशात, तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात, स्त्रियांची एक सायकल-फेरी निघाली होती, आणि तिच्यापुढे आम्हांस बाकीच्या सर्व फेऱ्या फिक्या वाटतात. १९९०-९१ च्या सुमारास तेथे साक्षरतेची मोठी चळवळ चालू होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्या चळवळीत अक्षरांबरोबर सायकल शिकविण्याचा कार्यक्रम घातला. दगडखाणीत राबणाऱ्या, शेतावर मजुरी करणाऱ्या, अंगणवाडीत व दवाखान्यात काम करणाऱ्या बाया सायकल शिकल्या. १९९२ च्या महिला दिनी दीड हजारांहून अधिक स्त्रिया हँडलला झेंडे लावून, घंटा वाजवीत, पुदुकोट्टईच्या रस्त्यांतून गेल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी या चळवळीचा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. त्यातील एक बारीकशी गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली आहे. लेडीज सायकली पुरेनाशा झाल्या, तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. आणि कित्येकींना त्याच अधिक पसंत पडल्या, कारण जेन्ट्स सायकलला मध्ये आडवी दांडी असते आणि त्या दांडीवर मूल बसविता येते.

कारखानदाराने स्त्रीसाठी दांडी काढून टाकली ती तिच्या घेरदार वस्त्रांचा विचार करून. तिच्या कडेवरच्या मुलाचा विचार त्याला सुचला नाही. ज्या बाईला सायकल कामासाठी हवी होती, तिला विचारले असते तर तिने पहिल्याच दिवशी सांगितले असते. आमच्या मते जाहिरातीचा सारा दोष येथेच आहे : ती स्त्रीविषयी पुष्कळ बोलते, पण स्त्रीला काही विचारीत नाही.

आणि न विचारल्याने काय होते, ते आम्ही आमच्याच शाळेत पाहिले. नववीच्या वर्गातील एक मुलगी वडगावच्या पुढच्या एका खेड्यातून रोज सात किलोमीटर येते आणि सात किलोमीटर जाते. मागच्या कॅरिअरवर धाकटा भाऊ, पुढे दोघांची दप्तरे. पावसाळ्यात तो रस्ता कसा असतो, हे त्या बाजूच्या वाचकांस ठाऊकच आहे. हस्तपत्रक लागले त्या दिवशी ती फलकापाशी उभी राहिली, अंतर वाचले आणि शेजारच्या मैत्रिणीस म्हणाली, "एवढंच?" तरीही तिने नाव देण्याचे ठरविले. दुसऱ्या दिवशी आली ती नाराज होऊन. तिच्या वडिलांनी ते पत्रक पाहून परवानगी नाकारली होती. आम्ही त्यांना मुद्दाम भेटलो. गृहस्थ जुन्या वळणाचे नव्हेत. मुलीला सायकल त्यांनीच घेऊन दिली, शेजाऱ्यांचे टोमणेही सोसले. ते म्हणाले, "गुरुजी, ती शाळेसाठी सायकल चालवते. हे नटून फिरायचं काम हौशी बायकांचं. आमच्या पोरीला त्यात कशाला उभी करता? आणि हिला साडी, दागिना, सायकल सजवायला फुलं, हे कुठून आणू?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. शहरात कदाचित सर्वांत अधिक सायकल चालविणाऱ्या मुलींपैकी एक, आणि स्त्रियांच्या सायकल-फेरीचे पत्रक वाचून तिच्या वडिलांची खात्री झाली की हे आपल्या मुलीसाठी नाही. त्यांनी पत्रक चुकीचे वाचले, असे आम्हांस म्हणवत नाही.

पुढे जूनमध्ये नववी-दहावीच्या सतरा मुलींनी आपल्या हस्ताक्षरात मंडळास एक पत्र लिहिले. आम्ही फक्त शुद्धलेखन तपासले. पाच किलोमीटरांची फेरी ज्यांना हवी त्यांच्यासाठी खुशाल ठेवावी. परंतु तिच्यासोबत पंधरा व तीस किलोमीटरांच्या शर्यती ठेवाव्यात, वेळ मोजावी, मार्गाचा नकाशा द्यावा, आणि वेशभूषेच्या बक्षिसाऐवजी पंक्चर काढण्याची स्पर्धा ठेवावी, अशा त्यांच्या मागण्या आहेत. शेवटची मागणी कोणी सुचविली, हे सांगावयास नकोच. पत्रकावर चित्र छापावयाचेच असेल तर ते सायकल चालविणाऱ्या बाईचे असावे, असेही एक वाक्य आहे.

मंडळाच्या चिटणीसांनी पत्र मिळाल्याची पोच दिली असून, कार्यकारिणीच्या बैठकीत विचार करू, असे कळविले आहे. हा अंक छापखान्यात जाईपर्यंत त्या बैठकीचा निर्णय आम्हांस समजलेला नाही. दरम्यान त्या मुलीच्या वडिलांनी पत्राची नक्कल आमच्याकडून मागून नेली, आणि तीस किलोमीटर म्हणजे आपल्या गावापासून कुठपर्यंत, असे विचारले.