आरोग्यचर्चा : दाबाची गोळी आणि सासूबाईंची ढांस

एका भगिनींचें पत्र आलें आहे. सासूबाईंचें वय 72. चाळीस वर्षें चुलीपुढें फुंकणी घेऊन बसल्यानें छातींत कायमची धाप. डॉक्टर तिलाच सीओपीडी म्हणतात. त्यांत रक्तदाब वाढला, म्हणून गेल्या पावसाळ्यापासून एनालाप्रिलची गोळी सुरू झाली. आतां रात्रभर कोरडी ढांस लागते. घरांत दोन पक्ष पडले आहेत. मामंजी म्हणतात, छातीचा विकार बळावला, औषध वाढवा. धाकटे भावोजी म्हणतात, दाबाची गोळीच बंद करा.

दोघांचेंही थोडें चुकतें. एनालाप्रिल ज्या कुळांतलें, त्याचें मूळ ब्राझिलमधील एका सर्पाच्या विषांत सांपडलें. कॅप्टोप्रिल ही त्यांतली पहिली गोळी 1981 सालीं अमेरिकेंत संमत झाली. रक्तवाहिन्या आवळणारें द्रव्य शरीरांत तयार होऊं न देणें हें तिचें काम. पण त्याच क्रियेमुळें ब्रॅडिकायनिन नांवाचें दुसरें द्रव्य सांचतें, श्वासनलिका चाळवतात आणि खोकला सुटतो. कफ नाहीं, ताप नाहीं. आणि स्त्रियांत हा त्रास पुरुषांहून अधिक. तो छातीचाच समजून वर आणखी खोकल्याचीं औषधें पोटांत जातात, असें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. लोसार्टन किंवा टेल्मिसार्टन यांनीं सहसा असा खोकला येत नाहीं. अ‍ॅम्लोडिपिननेंही नाहीं; पावलें मात्र सुजूं शकतात. तेव्हां डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यावयाची, दाब मोकाट सोडावयाचा नाहीं. ऐंशी वर्षांवरील माणसांनाही या उपचारानें लाभ होतो, हें 2008 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षणांत दिसून आलें आहे.

पत्राच्या शेवटीं, जातां जातां, एक वाक्य आहे : ‘काचबिंदूचे थेंबही मीच घालीत असतें.’ आम्हांस खरी काळजी वाटली ती या वाक्याची. ते थेंब टिमोलोलचे असल्यास अश्रुमार्गानें नाकांत उतरून रक्तांत मिसळतात व दुबळ्या श्वासनलिकांना आवळतात. दमेकऱ्यास तर ते वर्ज्यच. प्रोप्रानोलोलच्या गोळीचेंही तसेंच. मेटोप्रोलोल त्या मानानें सौम्य. तरी 2019 सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन परीक्षणांत, ज्यांना हृदयासाठीं त्याची गरज नव्हती अशा सीओपीडीच्या रोग्यांना लाभ तर झाला नाहींच, उलट धाप बळावून इस्पितळांत न्यावें लागण्याचे प्रसंग वाढले. हृदयविकार असेल तेथें हिशेब निराळा. ती गोळी आपण होऊन एकाएकीं थांबविणें जिवावर बेतूं शकतें.

डोळ्यांचे डॉक्टर एक, छातीचे दुसरे; आणि थेंबांना घरांत कोणी औषध मानीतच नाहीं! भगिनींनीं सर्व गोळ्या, फवारे व ती बाटलीसुद्धां एका पिशवींत घालून याच आठवड्यांत डॉक्टरांपुढें ठेवावीं. गोळी केव्हां सुरू झाली व ढांस केव्हां लागली, त्या दोन्ही तारखा कागदावर लिहून न्याव्या. एनालाप्रिल सुटल्यावर खोकला जाण्यास बहुधा एक ते चार आठवडे लागतात, क्वचित् अधिकही. तोंवर मामंजींनीं धीर धरावा.