ऑनलाइन त्रैमासिक : देखणे की उपयोगी?

आपले त्रैमासिक छापील अंकासोबत ऑनलाइनही उपलब्ध व्हावे, अशी सूचना अलीकडे अनेक वैद्यबंधू-भगिनींकडून येत आहे. सूचना स्वागतार्ह आहे. मात्र तिच्यासोबत हलती चित्रे, आवाज करीत उलटणारी पाने आणि मजकुरामागे धन्वंतरीची प्रतिमा अशी जी कल्पना मांडली जाते, तिच्याशी प्रस्तुत लेखक सहमत नाही.

दिंडोशी येथील माझ्या चिकित्सालयात सायंकाळी एक रुग्ण उठून दुसरा बसेपर्यंत जेमतेम दोन मिनिटे मिळतात. गेल्या पावसाळ्यात अशाच वेळी क्षारसूत्रावरील एक लेख पाहण्यासाठी एका नियतकालिकाचा जुना अंक भ्रमणध्वनीवर उघडला. संपूर्ण अंक म्हणजे पानांची छायाचित्रे! शब्द शोधता येईना. अक्षर मोठे करावे तर ओळीचे टोक पडद्याबाहेर जाई. अखेर कपाटातील छापील अंक काढला व लेख तत्काळ सापडला.

हा दोष वयाचा असावा, असे क्षणभर वाटले. परंतु वाचकाची सोय कशी पाहावी, हे तर याच मुंबईने आपल्याला शिकविले आहे. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली, निर्णयसागर मुद्रणालयाची १९४१ ची चरकसंहिता उघडून पाहावी. मूळ सूत्र मोठ्या टंकात, चक्रपाणींची टीका लहान टंकात, पाठभेद तळाशी, माथ्यावर स्थानाचे नाव. पान सजविलेले नाही. तरीही डोळा हवे तेथे नेमका पोहोचतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भारतीय चिकित्सा संपदा संस्थानाने संहिता संगणकावर आणल्या, त्याही छायाचित्ररूपाने नव्हे, तर शब्द शोधता येईल अशा अक्षररूपाने.

मराठी वृत्तपत्रे प्रथम संगणकावर आली, तेव्हा प्रत्येकाचा टंक निराळा असे आणि तो उतरवून घेतल्याविना पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटत. युनिकोडने ती अडचण केव्हाच दूर केली. तरीही आपण जुन्या टंकात अक्षरजुळणी करून तिची छायाचित्रे वाचकापुढे ठेवणार असू, तर ती सोय छापखान्याची होईल, वैद्याची नव्हे.

शोधाची सोय करताना आपल्या शास्त्राची एक विशेष गरज लक्षात घ्यावी लागेल. कोणी ‘गुळवेल’ लिहील, कोणी ‘गुडूची’, कोणी ‘अमृता’. पैकी कोणताही शब्द दिला तरी तिन्हींचे लेख समोर यावयास हवेत. निघंटुकारांनी पर्याय देऊन निम्मे काम आधीच करून ठेवले आहे. चित्रांनाही माझा सरसकट विरोध नाही. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने गुळवेलीशी साम्य असलेल्या टिनोस्पोरा क्रिस्पासारख्या वनस्पतींविषयी सावध केले. अशा वेळी दोहोंची पाने व खोडे शेजारी-शेजारी दाखविणारे एक स्वच्छ छायाचित्र दोन पानी लेखाहून अधिक उपयोगी ठरते. मुखपृष्ठावरील खलबत्त्याचे तसे नाही.

फार्मसीचालकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिनांक. जाहिरातींविषयीचा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला. जुलै २०२४ मध्ये तो वगळल्याची अधिसूचना निघाली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये ते प्रकरण निकाली निघाले. छापील अंकावर महिना व वर्ष असतेच. ऑनलाइन मात्र लेख अंकापासून सुटून एकटा फिरतो आणि दिनांक नसेल, तर पाच वर्षांपूर्वीचा सल्ला आजचा समजून कोणी फार्मसीचालक अडचणीत यावयाचा. औषधमात्रांच्या बाबतीत तर चूक रुग्णाच्या पोटात जाईल. म्हणून प्रत्येक लेखाच्या माथ्यावर लेखकाचे नाव व दिनांक असावा आणि नंतर केलेली दुरुस्ती तेथेच, तिच्या दिनांकासह नोंदवावी.

जाहिरातींवर आपले त्रैमासिक चालते, हे मान्य. त्या लेखाच्या आधी वा नंतर असाव्यात. वाचता वाचता मजकुरावर येऊन बसणारी जाहिरात मात्र स्वीकारू नये, मग जाहिरातदार आपल्यापैकीच कोणी का असेना.

जुने सर्व अंक एकदम अक्षररूपात आणणे खर्चाचे आहे. प्रथम गेल्या वर्षीचे चार अंक घ्यावेत. त्यांपैकी माझे दोन लेख मी स्वतः युनिकोडमध्ये टंकित करून या महिनाअखेर संपादक मंडळाकडे पाठवीत आहे.