सहाशे आवाज, आपला एकही नाही!

सुट्टीच्या तोंडावर वाद्यांच्या कोणत्याही दुकानात जा. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचा संवाद ठरलेला असतो. ‘टोन किती?’ ‘सहाशे.’ ‘आणि रिदम?’ ‘दोनशे.’ शेजारच्या कीबोर्डवर सातशे टोन आहेत असे कळले, की थोडे पैसे वर घालून तो घ्यायचे ठरते. साडी घेताना पोत चाचपणारी आणि आंबा घेताना देठाशी वास घेणारी आपली माणसे वाद्य घेताना मात्र नुसती मोजणी करतात. त्या सहाशेंतला एखादा आवाज आपल्याला हवा तसा घडवता येईल का, हे मी अजून कुणाला विचारताना ऐकलेले नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

ज्याला अरेंजर कीबोर्ड म्हणतात, ते यंत्र मोठे गुणी आहे यात वाद नाही. डाव्या हाताने कॉर्ड धरावी, की ताल, बास आणि साथीची वाद्ये आपोआप सुरू होतात. उजव्या हाताने गाणे वाजवायचे. गणेशोत्सवातल्या मंडळाला, हळदीच्या कार्यक्रमाला, लहान गावातल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला या एका पेटाऱ्याने संगीत मिळवून दिले. तेव्हा ‘यंत्राने कला मारली’ असा गळा मला काढायचा नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आपण आवाज निवडायला शिकलो, पण घडवायला शिकलो नाही.

याचे मूळ थोडे मागे आहे. १९८३ साली यामाहाचा ‘डीएक्स ७’ हा सिंथेसायझर आला. त्यात नवे आवाज बनवण्याची अफाट सोय होती. पण ती इतकी किचकट, की बहुतेक वादकांनी कारखान्यातून आलेले आवाजच वाजवले. पुढे १९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ नावाचा दंडक ठरला. एका कंपनीच्या वाद्यावर बांधलेले गाणे दुसऱ्या कंपनीच्या वाद्यावरही ओळखू यावे, म्हणून १२८ आवाजांची एक यादी मुक्रर झाली. पहिल्या क्रमांकावर पियानो. सतार १०५ वर, शहनाई ११२ वर. हेलिकॉप्टरला १२६ वा आणि बंदुकीच्या गोळीला १२८ वा मान मिळाला. तबल्याला आणि आपल्या पेटीला मात्र जागा नाही! पेटीची तहान २१ व्या क्रमांकाच्या रीड ऑर्गनवर भागवायची. अलीकडे खास भारतीय बाजारासाठी काढलेल्या कीबोर्डांत तबला, हार्मोनियम वगैरे आवाज असतात, हे खरे. पण म्हणून प्रश्न सुटला असे मला वाटत नाही.

कारण आवाज म्हणजे नुसते नाव नव्हे. कोणत्याही स्वराचा एक जन्म, एक आयुष्य आणि एक शेवट असतो. तो किती झटकन उमटतो, उमटल्यावर किती उतरतो, पट्टी दाबून धरली असता किती टिकतो आणि बोट उचलल्यावर किती वेळ रेंगाळतो, या चार गोष्टींवर त्याचे रूप ठरते. शिवाय फिल्टरने त्याची धार कमी-जास्त करता येते. मध्यम किमतीच्या बऱ्याच कीबोर्डांवर हे सारे बदलता येते आणि बदललेला आवाज साठवून ठेवता येतो. पण ‘एडिट’ असे लिहिलेले ते बटण बहुतेक घरांत नव्यासारखे कोरे राहते.

बासरीचेच घ्या. खरा बासरीवाला फुंकर घालतो तेव्हा स्वर हलकेच उमलतो आणि कंप जरा उशिराने येतो. कीबोर्डवरची बासरी मात्र पट्टी दाबताक्षणीच थरथरू लागली, तर ती थंडी वाजल्यासारखी वाटते. उपाय सोपा आहे. स्वराचा उठाव थोडा मंद करावा, कंप उशिरा सुरू होईल असे करावे आणि एका वेळी एकच स्वर वाजेल अशी ‘मोनो’ योजना लावावी. दहा मिनिटांचे काम आहे. शहनाईला एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय द्यावी. आणि सतारीच्या टोनमध्ये तीन-तीन पट्ट्या एकदम दाबून कॉर्ड धरणाऱ्यांनी ‘सतारिया हे कधी करतो का?’ असे स्वतःला एकदा विचारावे.

सुरांचेही असेच. कीबोर्डवर सप्तकाचे बारा समान भाग असतात, प्रत्येक भाग १०० सेंटचा. त्या हिशेबाने शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. चौदा सेंटचा फरक लहान खरा, पण संथ भजनात तो कानाला टोचतो. अनेक अरेंजर कीबोर्डांवर ‘स्केल ट्यूनिंग’ने प्रत्येक स्वर वेगळा चढवता-उतरवता येतो. काळी दोन हा षड्ज धरला, तर पांढरी पाच ही पट्टी चौदा सेंटने उतरवली, की गंधार जागेवर आला! अरबी संगीतासाठीच्या कीबोर्डांवर तर पाव सुराची बटणे समोरच असतात. आपल्याकडे ही सोय मेनूच्या तळाशी पडून असते. कारण ती कुणी मागतच नाही.

कुणी म्हणेल, ‘कंपनीने उत्तम वादकांकडून आवाज ध्वनिमुद्रित करून घेतलेत, त्यात आम्ही काय सुधारणा करणार?’ त्यांना मी पेटीची आठवण देईन. हार्मोनियम युरोपातून आली तेव्हा ती पायाने भाता मारायची होती. आपल्या कारागिरांनी तिला जमिनीवर बसवले, भाता हाताशी आणला. श्रुतींच्या आणि मींडेच्या प्रश्नावरून आकाशवाणीने १९४० मध्ये तिला दारे बंद केली, ती १९७१ पर्यंत. पण गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी तिच्यातून गायकी अंगाचे असे काही काढले, की आज ती परकी होती हे सांगावे लागते. परके वाद्य आपले होते ते असे, हात घातल्याने.

यात पोटाचाही प्रश्न आहे. जिथे आठ-दहा वादक बसत, तिथे आता एक कीबोर्ड आणि एक ऑक्टोपॅड दिसतो. पुष्कळ ठिकाणी तेही जाऊन तयार ट्रॅक पेन ड्राइव्हवर येतो आणि गायक त्यावर गातो. कीबोर्डवाला कारखान्याचाच टोन आणि कारखान्याचाच रिदम वाजवणार असेल, तर आयोजकाने त्याला बिदागी कशाबद्दल द्यावी? बटण तर कुणीही दाबील. ‘ही शहनाई अमुकचीच’ असे ऐकणाऱ्याला ओळखू येणे, एवढीच त्याच्या हाती उरलेली पुंजी आहे.

आणि मुलांचा प्रश्न त्याहून नाजूक. सहाशे टोन हाताशी असलेले मूल एका आवाजावर पाच मिनिटे थांबत नाही. पियानो झाला, गिटार झाली, मग कुत्र्याचे भुंकणे! पालकांना माझी एक सूचना आहे. महिनाभर एकच आवाज ठेवा. मुलाला खरी बासरी किंवा खरी पेटी जवळून ऐकवा आणि मग विचारा, ‘आपला आवाज असा का वाटत नाही?’ त्याला उठाव, टिकाव, धार यांची बटणे शोधू द्या. जमलेला आवाज त्याच्या नावाने साठवू द्या. कीबोर्डच्या शिकवणी वर्गांनीही परीक्षेच्या चार गाण्यांबरोबर एक घडवलेला आवाज मागायला हरकत नाही.

वर्षाअखेरीस मुलाच्या खात्यावर असे दहा आवाज जमले तरी पुष्कळ झाले. पुढे तो वादक होवो वा न होवो, त्याचा कान तयार होईल. आणि कीबोर्डच्या सहाशे टोनांनी आपण होऊन जे दिले नसते, ते त्याला मिळेल.